फेकू नका, उधळा: पाकळ्यांच्या फोटोसाठी हटून बसलेल्या एका नवरीला

पत्र:

ताई, डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे, नाशिकजवळ एका लॉनवर. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३२ मिनिटांचा. माझी एक मैत्रीण मँचेस्टरला असते, तिच्या लग्नाचा एक फोटो पाहिला, दोघं चर्चच्या दारातून हसत बाहेर येतायत आणि दोन्ही बाजूंनी लोक पाकळ्या उडवतायत, तो डोक्यातून जातच नाहीये. आमच्या दादाच्या लग्नात अक्षतांचे फोटो काढले तर तांदूळ दिसतच नाहीत, सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि वहिनीच्या तोंडासमोर कोणाचा तरी मोबाईल. होणाऱ्या सासूबाईंचं म्हणणं, अक्षतांच्या जागी दुसरं काही चालणार नाही. फोटोग्राफर म्हणतो कागद उडवायची तोफ लावू, बाकी काळजी सोडा. आणि माझी आजी ८४ वर्षांची आहे, तिला फार वेळ उभं राहवत नाही, पण तिला वगळून मला हा फोटो नकोच. काय करू?
– नाशिकची नवरी

उत्तर:

अगं, पहिल्यांदा सासूबाईंचं, कारण ते सगळ्यात सोपं आहे. त्यांचं बरोबर आहे. अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ, हळद-कुंकू लावलेले, तो आशीर्वाद आहे, सजावट नाही, त्यामुळे त्याच्या जागी पाकळ्या आणायचा हट्ट करू नकोस. पण अक्षतांच्या *जागी* आणायची गरजच कुठे आहे? मुहूर्त मुहूर्तासारखा होऊ दे, आणि पाकळ्यांची उधळण त्याच दिवशी पण वेगळ्या वेळी कर, फक्त जवळच्या चाळीस माणसांना घेऊन, दहा मिनिटांत उरकेल अशी. हे सासूबाईंना अशाच शब्दांत सांग, बहुतेक त्या स्वतःच पाकळ्या सोडवायला बसतील.

माझ्या नवऱ्याचा लग्नाच्या फोटोंचा व्यवसाय आहे आणि अल्बमचे फोटो निवडायला गेली कित्येक वर्षं मीच बसते, त्यामुळे अक्षतांचे वाया गेलेले फोटो मी इतके पाहिलेत की कारणं पाठ झालीत. तांदळाचा दाणा एवढासा आणि जड, हवा त्याला जवळजवळ अडवतच नाही, डोक्याच्या मीटरभर वरून सोडला तर अर्ध्या सेकंदाच्या आत खाली. म्हणजे फोटोत एकतर पांढरी बारीक रेघ येते नाहीतर काहीच येत नाही. त्यात पाठीमागच्या खुर्च्यांवरून लोक जोर लावून फेकतात, ते नवरा-नवरीपर्यंत पोचतच नाही, करवल्यांच्या आणि मामांच्या डोक्यावर पडतं, आणि पोचलं तर थेट डोळ्यांत. म्हणून डोळे मिटलेले. पाकळीचं तसं नाही, ती हेलकावे खात येते, तेवढ्याच उंचीवरून तिला सहज दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि तो जास्तीचा वेळ म्हणजेच तुझा फोटो.

तरी मुहूर्ताच्या फोटोंसाठी दोन गोष्टी करता येतात तेवढ्या कर. अक्षतांना कुंकू जरा सढळ लावा, लालसर दाणे पांढऱ्यापेक्षा बरे दिसतात. आणि गुरुजींच्या बाजूला जो कोणी माईकवर असेल त्याला सांगायला लाव की अक्षता लांबून फेकू नका, जवळच्यांनी टाका, लांबच्यांनी जागेवरच वर उडवा. बस्स. त्या वेळी तू फोटोचा विचारसुद्धा करू नकोस, अंतरपाट खाली जातो तो क्षण एकदाच येतो.

आता पाकळ्या. मला एकच गोष्ट तुझ्या डोक्यात पक्की बसवायची आहे, ती म्हणजे *फेकणं* आणि *उधळणं* यातला फरक. फेकतो ते कोणाच्या तरी अंगावर. उधळतो ते वर, आभाळाकडे, आणि मग ते आपोआप सगळ्यांच्या अंगावर येतं. जेजुरीचे फोटो आठव ना, सोमवती अमावस्येचे, अख्खा गड पिवळा झालेला. ते फोटो कॅमेऱ्यामुळे तसे येत नाहीत, तिथे प्रत्येक जण भंडारा खालून वर उधळतो, सगळे एकाच आरोळीला उधळतात, आणि आरोळीमुळे सगळ्यांची तोंडं उघडी आणि मान वर असते. लग्न झाल्यावर तुम्ही जोडीनं जेजुरीला जाणारच असाल तर तिथे पायऱ्यांवर दोन मिनिटं थांबून लोकांचे हात बघ, तळहात वर, बोटं उघडी, कोपरातून झटका. पण ते लग्नानंतर, तोवर माझ्या शब्दावर विश्वास ठेव.

तर हाच झटका तुझ्या चाळीस माणसांना शिकवायचा. सुपात धान्य पाखडताना कसं वर उडवतो तसं, असं सांगितलं की मावशा-काकूंना लगेच कळतं, मुलांना दाखवावं लागतं. आणि मूठ नाही हं, ओंजळ. मुठीत पाकळ्या चुरगळतात, गोळा होतो आणि तो गोळाच जाऊन कोणाच्या तरी कपाळावर बसतो. ओंजळीला दोन्ही हात लागतात, म्हणजे मोबाईल आपसूक खाली ठेवावा लागतो, वहिनीच्या फोटोतली तुझी तक्रार अशी न बोलता मिटते. पाकळ्या ठेवायला कागदाच्या पुड्या करू नकोस, इंग्लंडमध्ये तसे कागदी कोन देतात पण लोक कोनच झटकतात आणि अर्धा माल आतच राहतो. आपले पळसाच्या पानांचे द्रोण घे, उघडे, उथळ, दिसायला सुंदर. फक्त बजावून सांग की द्रोण खाली ठेवून ओंजळ भरायची, नाहीतर कोणीतरी द्रोणासकट उडवतो.

वेळ कोणती, हा खरा मुद्दा आहे. साडेबाराचं ऊन फोटोचा शत्रू, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, मुंडावळ्यांच्या सावल्या गालावर. शिवाय तेव्हा लोकांना पंगतीची घाई असते, भुकेल्या माणसांकडून हसरे फोटो मिळत नाहीत. आणि पाठवणीच्या वेळीसुद्धा नको, तिथे आईचे डोळे भरलेले असतात, त्या वेळी कोणाला "जरा पुन्हा उधळा" म्हणणं मला तरी जमणार नाही. डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पावणेपाच ते सव्वापाच ही वेळ धर. जेवणं झालेली असतात, रिसेप्शनच्या मेकअपला तू अजून बसलेली नसतेस, शालू आणि मुंडावळ्या अंगावर असतात, ऊन तिरपं आणि पिवळं असतं. जड हार तेवढे काढून ठेवा, हारांमागे दोघंही लपतात.

सूर्य तुम्हा दोघांच्या *पाठीशी* हवा, फोटोग्राफरच्या नाही. लोकांना हे उलटं वाटतं, पण उन्हाकडे तोंड करून उभं राहिलं की डोळे बारीक होतात, आणि पाकळीच्या मागून ऊन आलं की ती आतून पेटल्यासारखी दिसते, पातळ असते ना ती, उजेड आरपार येतो. तुमच्या मागे मात्र झाडं किंवा काहीतरी गडद असलं पाहिजे, पांढऱ्या आभाळावर फिक्या पाकळ्या हरवून जातात. म्हणून लग्नाच्या आधी एकदा पाच वाजता लॉनवर जाऊन ये, सकाळी जाऊ नकोस, पाच वाजताच जा, सूर्य कुठे आहे, झाडं कुठे आहेत, कचऱ्याचा डबा आणि जनरेटरची गाडी कुठे आहे ते बघ आणि तिथेच जमिनीवर जागा ठरव. काही कारणानं संध्याकाळ जमलीच नाही तर दुपारी मंडपाच्या कडेला, सावली जिथे संपते तिथे, सावलीच्या आत उभे राहा, चेहऱ्यांवर निदान सारखा उजेड येईल.

रांगा दोन, समोरासमोर, मध्ये साधारण सहा फूट. जास्त जागा ठेवलीस की पाकळ्या मधे पोचत नाहीत आणि फोटो ओका-बोका दिसतो. प्रत्येक बाजूला दहा पुढे, दहा मागे, मागे उंच माणसं. चाळीस माणसं एकेरी रांगेत लांबलचक उभी केलीस तर एका वेळी फ्रेममध्ये सात-आठच जणांच्या पाकळ्या येतील, म्हणून दाटीनं उभं करायचं. लहान मुलं आधीच उधळून टाकतात आणि तीही नेमकी तोंडावर, त्यांना रांगेच्या कॅमेऱ्याकडच्या टोकाला ठेव, तुम्ही तिथे पोचेपर्यंत मुख्य फोटो झालेले असतात आणि मग त्यांनी काय वाटेल ते करू दे, ते फोटोही गोडच येतात. वारा बघायचा, चिमूटभर पाकळ्या सोडून कळतं. वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूच्या रांगेत जरा जास्त आणि दणकट माणसं, समोरच्या रांगेच्या पाकळ्या त्यांच्याच अंगावर परत येणार आहेत हे गृहीत धर.

आता कधी उधळायचं याचा इशारा! यावर बहुतेक सगळ्यांचं घोडं अडतं. "एक, दोन, तीन" म्हटलं की निम्मे तीनवर उडवतात आणि निम्मे तीननंतर. कोणाला सुचेल की "सावधान" म्हणू, आपल्याला लहानपणापासून त्याच शब्दावर अक्षता टाकायची सवय आहे, पण मुहूर्ताबाहेर तो शब्द असा वापरलेला मला आवडत नाही आणि सासूबाईंना तर नाहीच आवडणार. त्यापेक्षा "गणपती बाप्पा..." घ्या. "मोरया"वर हात आपोआप वर जातात, तोंड उघडतं, चेहरा फुलतो, आणि या महाराष्ट्रात त्याचा ताल चुकणारा माणूस मला अजून भेटला नाही. आरोळी द्यायला खणखणीत आवाजाचा एकच माणूस नेम, मामा, मावसभाऊ, कोणीही, पण एकच. फोटोग्राफरनं द्यायची नाही, त्याचा डोळा कॅमेऱ्याला असतो.

दोन फेऱ्या करा. पहिलीत तुम्ही दोघं रांगांच्या मधोमध उभे, सगळे एकदम, एकच "मोरया". दुसरीत तुम्ही चालत येता आणि तुम्ही दोन पावलांवर आलात की त्या-त्या माणसानं उधळायचं, तुम्ही समोर आल्यावर नाही, वर जाऊन खाली यायला पाकळीला वेळ लागतो. चालताना नेहमीच्या निम्म्या वेगानं चाला, त्याला सांग पुढे पळायचं नाही, हात धरून बरोबरीनं. वर बघायचं नाही, पाकळी डोळ्यांत जाते. कॅमेऱ्याकडेही बघत राहू नका, एकमेकांकडे बघा, त्यानं कानात काहीतरी बोलावं, काहीही, संध्याकाळच्या मेनूबद्दल बोलला तरी चालेल, तू खरी हसलीस पाहिजेस.

फुलांचं सांगते, यात मी जरा रमणार आहे. गुलाब दोन जातींचा मिळतो, गड्डीवर मिळतो तो डच, त्याच्या पाकळ्या मोठ्या, जाड, टिकाऊ, आणि महाग. किलोवर सुटा मिळतो तो गावठी, पाकळी पातळ, हलकी, हवेत छान तरंगते पण लवकर मान टाकते. उधळायला मला गावठीच आवडतो, त्यात पांढरी शेवंती आणि थोडा पिवळा-केशरी झेंडू मिसळायचा. नुसता लाल गुलाब नको, गडद झाडांच्या पुढे लाल पाकळी फोटोत काळ्या ठिपक्यासारखी दिसते, फिका गुलाबी, पांढरा, केशरी हे रंग उजेड धरतात. झेंडूची पाकळी सोडवताना बुडाचा हिरवा भाग पूर्ण काढायचा, अख्खं झेंडूचं फूल उधळलं तर ते दगडासारखं खाली येतं. एका माणसाला दोन फेऱ्यांसाठी दोन ओंजळी आणि चुकलं तर एक राखीव, अशा हिशोबानं चाळीस माणसांना मी तीन-साडेतीन किलो सुट्या पाकळ्या धरते, पाकळ्या हं, फुलं त्याहून जास्त लागतील. लग्नसराईत भाव चढतात, फुलवाल्याशी आधी बोलून ठेव.

आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरू नकोस गं! माझ्या भाचीच्या लग्नात सकाळीच पाकळ्या पिशव्यांत बांधून ठेवल्या होत्या, संध्याकाळी उघडल्या तर घाम फुटलेल्या, कडा काळ्या पडलेल्या, चिकटून लगदा झालेल्या. तिनं तो लगदा हातात घेऊन माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. बांबूच्या टोपलीत पसरून ठेवायच्या, वर ओलं पण घट्ट पिळलेलं मलमलचं फडकं, सावलीत, आणि उधळायच्या अर्धा तास आधी फडकं काढून वारा लागू द्यायचा. ओली पाकळी तरंगत नाही. अजून एक, तुडवलेल्या गडद पाकळीचा डाग रेशमावरून जाता जात नाही, आणि फरशीवर त्या घसरड्या होतात, म्हणून हे हिरवळीवरच करा, हॉलच्या फरशीवर नको.

तोफेला माझा सरळ नकार आहे. मोठा आवाज होतो, आजीच्या वयाची माणसं दचकतात, सगळा कागद एकाच बाजूनं येतो, आणि मुख्य म्हणजे त्या फोटोत *हात* नसतात. तुझ्या मैत्रिणीच्या फोटोत तुला जे आवडलं ते नुसत्या पाकळ्या नाहीत, ते वर गेलेले हात आणि त्यामागचे चेहरे आहेत, पुन्हा बघ तो फोटो. शिवाय त्या चकचकीत टिकल्या प्लास्टिकच्या असतात, गवतातून निघत नाहीत, लॉनवाला वेगळे पैसे लावतो आणि उरलेल्या गुरांच्या पोटात जातात. इंग्लंडमध्येसुद्धा आता बऱ्याच ठिकाणी खऱ्या पाकळ्याच आणा अशी अट असते. आणि उडता कागद होमाच्या जवळपाससुद्धा नको.

तशी ही कागदाची गोष्ट फार जुनीही नाही. उधळायच्या कागदाच्या टिकल्यांना इंग्रजीत कन्फेटी म्हणतात, तो शब्द इटलीतला, पण तिकडे कन्फेटी म्हणजे साखर चढवलेले बदाम, लग्नात पाहुण्यांना देतात ते. उधळायच्या कागदाला ते कोरियांदोली म्हणतात, म्हणजे धण्यावरून आलेला शब्द, कारण पूर्वी जत्रेत साखर चढवलेले धणे उधळायचे. १८७५ मध्ये मिलानच्या एन्रिको मांजिली यांनी रेशीमकिड्यांखाली अंथरायच्या भोकं पाडलेल्या कागदांच्या गळून पडलेल्या टिकल्या विकायला काढल्या आणि तिथून कागद सुरू झाला. साखरेचे धणे म्हणजे आपला हलवाच की, आणि बोरन्हाणाला आपण लेकराच्या डोक्यावर हलवा, बोरं, चुरमुरे ओततोच. म्हणून मला हे परकं वाटतच नाही, तुलाही कोणी "काय इंग्रजी फॅड" म्हणालं तर बोरन्हाणाची आठवण करून दे.

फोटोग्राफरशी आधी बोल, आणि हे बोलताना संकोच करू नकोस. पाकळ्या हवेत थांबलेल्या हव्या असतील तर शटर १/१००० सेकंदाच्या आसपास, १/२०० ला त्यांची शेपटं येतात. एकेक फोटो नाही, बर्स्ट, म्हणजे सलग धडाधड फोटो, आरोळीच्या आधीपासून पाकळ्या जमिनीवर येईपर्यंत, कारण सगळ्यात सुंदर फोटो बहुतेक वेळा पहिल्या गर्दीनंतरचा असतो, पाकळ्या विरळ होतात आणि चेहरे मोकळे होतात तेव्हाचा. फोकस डोळ्यांवर धरून ठेवायचा, नाहीतर कॅमेरा जवळून जाणाऱ्या पाकळीवर उडी मारतो आणि तुम्ही दोघं धूसर. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडणारं छिद्र, अगदी उघडं नको, एफ ४ वगैरे, म्हणजे दोघांचे चेहरे स्पष्ट येतील. लेन्स लांबची, ८५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, लांबून काढल्यावर पुढच्या-मागच्या पाकळ्या एकावर एक दिसतात आणि तेवढ्याच पाकळ्या दुप्पट वाटतात. दुसरा फोटोग्राफर असेल तर त्याला रांगेच्या मागे उभा कर, लोकांच्या पाठीमागून, उंचावलेल्या हातांमधून तुम्ही दिसाल असा. ड्रोन खाली आणू नका, त्याच्या वाऱ्यानं पाकळ्या भलतीकडे जातात. एखादी मैत्रीण मोबाईलवर काढणार असेल तर पोर्ट्रेट मोड बंद, त्यात पाकळ्यांच्या कडा खाल्ल्या जातात.

सरावही करायचा, पण पाकळ्या न घेता. सगळे उभे राहिले की एकदा रिकाम्या ओंजळीनं "मोरया" करून घ्या, फोटोग्राफरला उजेड बघता येतो आणि लोकांचा लाजाळूपणा जातो. आणि झाल्यावर झाडायला कोण, हे आदल्या दिवशीच ठरव, तिथल्या मावशींवर सोडून जाऊ नकोस. पाकळ्या लॉनच्याच झाडांच्या बुंध्याशी टाकता येतात.

आता आजी. तिला सगळ्यात शेवटी बोलवा, सगळे उभे राहिले, सराव झाला की मगच, म्हणजे ताटकळत बसावं लागणार नाही. खुर्ची हाताची हवी, रांगेच्या सुरुवातीला, तुम्ही जिथून चालायला लागणार त्या टोकाला, आणि तिच्या मागे कोणीतरी आपला माणूस. मुलं दुसऱ्या टोकाला आहेत म्हणून तिला धक्का लागायची भीती नाही. मांडीवर तिचा वेगळा द्रोण, त्यात तिला आवडतं ते फूल, विचारून घे कुठलं. तिनं वर उधळायचं नाही, खांदे दुखतात त्या वयात. दुसरी फेरी सुरू करताना तुम्ही दोघं तिच्यासमोर खाली वाका, तिला तिच्या हातानं तुमच्या डोक्यावर पाकळ्या ठेवू दे, तिला जितका वेळ लागेल तितका, बाकीच्यांनी ओंजळी धरून थांबायचं. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेव की हा फोटो आजीच्या डोळ्यांच्या उंचीवरून, गुडघ्यावर बसून काढायचा. मग उठा आणि चालायला लागा, केसांत त्याच पाकळ्या असू देत, आणि मामांना म्हणावं आता द्या आरोळी.